गुंजीचा बाप

जनावरं बोलायची आणि माणसं गप्प बसायची, त्या सुखाच्या काळातली ही गोष्ट. कुरणात नोंदणी लागली होती. बापाचा पुरावा दाखवील त्यालाच कानाला बिल्ला आणि हिरवं कुरण; बाकीच्यांनी ओढ्यापलीकडच्या खडकाळ माळावर चरायचं. नोंदवही बगळ्याकडे होती.

गुंजी कालवड रांगेत उभी होती. ती कृत्रिम रेतनाची, तिने बाप कधी पाहिलाच नव्हता. मागे उभा असलेला सरदार वळू तिला डिवचत होता, "काय गं, तुझा बाप म्हणे डॉक्टरांच्या थंड डब्यातून आला! माझा बाप अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

"पुरावा?" बगळ्याने गुंजीला विचारलं.

गुंजीच्या आईने, तांबू गायीने, गोठ्याच्या वळचणीत जपून खोचलेली, डॉक्टरांनी रेतन करून टाकून दिलेली वीर्याची रिकामी कांडी तोंडात धरून आणली. बगळ्याने एक डोळा मिटून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. "वळूचा नंबर आहे, जात आहे, तारीखही जुळते. घे बाई बिल्ला. आता तुम्ही या, सरदार."

"गावाला विचारा!" सरदारने छाती फुगवली.

"विचारलं की. चार आळ्यांत तीन वळूंची नावं निघाली, आणि एका म्हाताऱ्या शेळीने तर खच्ची केलेल्या बैलाचंही नाव सांगितलं."

रवंथ करायचं सगळे विसरले. सरदारने एकदा खडकाळ माळाकडे पाहिलं आणि तो हळूच गुंजीच्या कानाशी आला.

"गुंजाताई, त्या वळचणीत अजून एखादी कांडी खोचलेली असेल का हो?"