धाकूने छप्पर करून घेतलं

एका गावात एक भोळा नवरा राहत होता. भोळा हा त्याच्या गावाचा शब्द. सासुरवाडीत त्याच्यासाठी दुसरा शब्द होता, पण जावयाच्या तोंडावर तो कुणी काढत नसे.

त्याचं नाव धाकू. काजूच्या बागेत तो राखणीला होता. मालकाने एकदा बजावलं, चोरांवर नीट लक्ष ठेव. चोर आले. धाकूने नीट लक्ष ठेवलं. किती जण होते, कुणी किती पोती उचलली, कुठल्या वाटेने गेले, सगळं त्याने सकाळी मालकाला बिनचूक सांगितलं. मालकाने कपाळाला हात लावला. पण कामावरून काढलं नाही, कारण एवढा प्रामाणिक माणूस तेवढ्या पगारात दुसरा मिळाला नसता.

धाकूची बायको सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. माहेर डोंगरापलीकडे, दोन तासांची चाल. तिला मुलगी झाली. बारशाला धाकू गेला, नाव शेवंती ठेवलं. शेवंतीने बापाचं बोट धरलं ते सोडेचना. धाकूला इतका आनंद झाला की जेवणाची पंगत उठली तरी हा पाळण्याशीच. शेवटी सासूने येऊन बोट सोडवलं.

आता दोघींना घेऊनच जातो, असं तो म्हणाला. सगुणाने नाही म्हणून मान हलवली.

"माझं काय, मी कुठंपण राहीन. पण पोरीला त्या घरात न्यायची नाय. गेल्या पावसात सात ठिकाणी गळत होतं. आधी छप्पर करून घ्या, मग न्यायला या."

गळत होतं हे खरं. घर कौलारू आणि कौलं धाकूच्या आज्याच्या वेळची. गेल्या पावसाळ्यात सगुणाने गळतीखाली टोप ठेवला, परात ठेवली, कढई ठेवली, तवाही ठेवला. मग भात कशात शिजवायचा, हा प्रश्न उरला.

सासरा म्हणाला, मी येतो, आठवड्यात करून देतो. धाकूने साफ नको सांगितलं. पोर माझी, छप्परही मीच करणार. नव्या बापाला असा मान चढतो, आणि मानाचं काम नेहमी जरा महागच पडतं.

निघताना सगुणाने त्याला नीट शिकवलं. पहिला भेटेल त्याला काम देऊन बसू नका. तिघांना विचारा, खर्च किती येईल. मग काय ते ठरवा.

"एवढंच ना," धाकू म्हणाला.

गावात येऊन त्याने तिघांना विचारलं. पहिला शिंपी, कारण त्याचं दुकान वाटेत होतं. दुसरा पोस्टमन, कारण तो समोरून आला. तिसरा देवळातला गुरव, कारण दोघं झाले होते आणि एक कमी पडत होता. आता, आपल्याकडे कुणाला काही विचारलं आणि तो "मला ठाऊक नाही" म्हणाला, असं अजून घडलेलं नाही. शिंप्याने घराची लांबीरुंदी विचारून दोन हजार सांगितले, आणि बेताने कापलं तर थोडं उरेल असंही म्हणाला. पोस्टमनने वीस हजारांच्या खाली होणार नाही असं छातीठोक सांगितलं. त्याच्या मेव्हण्याला तेवढे लागले होते. मेव्हण्याने विहीर खोदली होती, पण खर्च तो खर्चच. गुरव म्हणाला, गवत घाल, फुकट.

तिन्ही आकडे घोकत धाकू डोंगर चढून सासुरवाडीला गेला. सगुणाने ऐकून घेतलं आणि पोरीला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

कौलं घालणाऱ्या मेस्त्रीला विचारायचं, ती म्हणाली. वरच्या वाडीत रावजी मेस्त्री आहे, त्याला विचारा. आणि वर चढून बघितल्याशिवाय जो खर्च सांगेल त्याचं ऐकायचंच नाही. आधी वर चढायचं, बघायचं, आणि मग बोलायचं.

"एवढंच ना," धाकू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो वरच्या वाडीत गेला. रावजी मेस्त्री ओटीवर पान लावत बसला होता. "ये, बस," तो म्हणाला. धाकू त्याच्याशी चकार शब्द बोलला नाही. अंगणातल्या फणसावरून तो सरळ मेस्त्रीच्या छपरावर उतरला आणि बघायला लागला. कौलांवर चालायचं तर पाय कुठे ठेवायचा हे मेस्त्रीलोकांना कळतं. खाली लाकडाची रीप असते, तिच्यावर ठेवायचा. धाकूने जिथे मोकळं दिसलं तिथे ठेवला. अकरा कौलं फुटेपर्यंत तो वर होता. बारावं फुटलं तेव्हा तो मेस्त्रीच्या स्वयंपाकघरात होता.

"बघितलं," अंगावरची राख झटकत तो म्हणाला. "आता बोलू. तुमचं छप्पर पार कुजलंय, मेस्त्री."

यात खोटं काही नव्हतं. साऱ्या गावाची घरं शाकारणाऱ्या माणसाचं स्वतःचं घर गळतं, हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त ते आत उतरून सांगण्याचे कष्ट आजवर कुणी घेतले नव्हते. मेस्त्रीने बारा कौलांची भरपाई घेतली आणि पुढच्या आठवड्यात तुझं घर बघायला येतो, असं कबूल केलं. असं गिऱ्हाईक हातचं कोण घालवील?

धाकू पुन्हा डोंगर चढला. सगुणा म्हणाली, अवो, आपल्या छपरावर मेस्त्रीने चढायचं असतं. सासऱ्याने ते ऐकलं आणि गुपचूप बंदरावरच्या वखारीत जाऊन बाराशे नवी कौलं घेऊन टाकली. नातीला माझ्याकडून म्हणाला. जावयाने फक्त टेम्पोचं भाडं द्यायचं होतं. निघताना सगुणाने बजावलं, पैशाला जपा. आगाऊ मागणारे पुष्कळ भेटतील. काम पुरं झाल्याशिवाय कुणाच्या हातावर दमडी ठेवायची नाही.

"एवढंच ना," धाकू म्हणाला.

दोन दिवसांनी कौलांचा टेम्पो दारात आला. उतरवायच्या आधी ड्रायव्हरने भाडं मागितलं. धाकूने त्याला प्यायला पाणी दिलं आणि काम पुरं झालं की मिळेल, असं सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, माझं काम पुरं झालं, माल आणला. धाकू हसला. आपल्याला फसवणं आता सोपं राहिलेलं नाही, हे त्याला जाणवलं.

"काम म्हणजे छप्पर," तो म्हणाला. "ते झालं की या."

ड्रायव्हर पाणी प्याला, त्याने गाडी वळवली आणि बाराशे कौलं जशी आणली तशी वखारीत परत नेली. येण्याजाण्याचं भाडं आणि पुन्हा येण्याचं भाडं, ही तिन्ही भाडी सासऱ्याने भरली. धाकूची दमडी मात्र शाबूत राहिली.

धाकू तिसऱ्यांदा डोंगर चढला. सगुणा म्हणाली, गाडीवाल्याचं काम गाडी आणली की संपतं. ते जाऊ द्या. कौलं परत येतील ती उतरवून घ्या. आता मेस्त्री येईल. तो तोंडाला येईल तो आकडा सांगेल. त्याला लगेच हो म्हणायचं नाही. तो सांगेल त्याच्या निम्म्यावर आणायचं.

"एवढंच ना," धाकू म्हणाला.

मेस्त्री आला, शिडी लावून वर चढला, कौलं उचकटून वासे बघितले आणि खाली उतरला. वासे चांगले आहेत, म्हणाला. फक्त कौलं बदलायची. बाराशे लागतील.

"सहाशे," धाकू म्हणाला.

मेस्त्रीने त्याच्याकडे नीट पाहिलं. छपराला दोन पाखी असतात, एक पुढच्या उतरणीचं, एक मागच्या उतरणीचं, असं त्याने हाताने करून दाखवलं. दोन पाख्यांना बाराशेच लागणार.

"मग एकच पाखं करा."

"सहा दिवसांचं काम आहे."

"तीन."

"दोन माणसं लागतील."

"एक."

मेस्त्रीने पानाची पिंक टाकली. मग हळूच म्हणाला, मजुरी चार हजार होईल. एव्हाना धाकू दमला होता. चार वेळा त्याने निम्म्यावर आणलं होतं, आणि शेवटी माणसाने समोरच्याचंही काही ऐकावं. चार हजारांना तो हो म्हणाला. मेस्त्रीने त्याला हात जोडले. तीस वर्षांच्या धंद्यात अशी घासाघीस करणारा माणूस आपण पाहिला नाही, असं तो म्हणाला, आणि तेही खरंच होतं.

पहिल्या दिवशी मेस्त्रीने दोन्हीकडची जुनी कौलं उतरवली. पुढचे दोन दिवस पुढचं पाखं घातलं. ठरलेलं काम संपलं, तो गेला. पुढून बघितलं तर घर नवंकोरं दिसत होतं. मागून बघितलं तर चुलीपर्यंत सगळं दिसत होतं.

धाकू धावतच डोंगर चढला. झालं छप्पर, म्हणाला, मेस्त्रीला निम्म्यावर आणला. सगुणाचा चेहरा खुलला. मग मजुरी कितीवर आली, तिने विचारलं. धाकूने सगळं पहिल्यापासून सांगितलं. सगुणा रडायला लागली. तिला रडताना पाहून शेवंतीही रडायला लागली. त्या दोघींना पाहून धाकूला कळलं की कुठेतरी काहीतरी राहिलं आहे.

"मृग दहा दिवसांवर आलाय," सगुणा म्हणाली. "त्याच्या आत घर झालं नाय तर मी दिवाळीपर्यंत यायची नाय. तोवर पोरगी तुमाला ओळखायची पण नाय."

धाकू या वेळी 'एवढंच ना' म्हणाला नाही. पोरीने आपल्याला ओळखू नये, एवढी मोठी शिक्षा त्याला कुणी कधी सांगितली नव्हती. आता मी काय करू, ते एकेक करून सांग, असं तो म्हणाला.

सगुणाने एकेक करून सांगितलं. मेस्त्री मागेल ते द्या, मागचं पाखं घालून घ्या. मग छपरावर कळशीने पाणी ओता. आत येऊन जमीन बघा. जमिनीवर जिथे ओलं दिसेल, त्याच्या बरोबर वरचं कौल खराब. ते काढायचं. तिने हे त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, इथे धाकूने घोटाळा केला असणार. नाही केला. मागचं पाखं झालं. त्याने कळशीने पाणी ओतलं. दोन ठिकाणी जमीन ओली झाली, तिथली दोन कौलं त्याने काढली, मेस्त्रीने नवी बसवली. पुन्हा पाणी ओतलं. जमीन कोरडी ठणठणीत. गुरव येऊन बघून गेला आणि गवत थंड राहतं एवढंच म्हणाला.

मृगाच्या चार दिवस आधी सगुणा शेवंतीला घेऊन घरी आली. तिने खोल्याखोल्यांतून फिरून वर बघितलं. उजेडाचा एक कवडसा कुठे दिसला नाही. माजघरात तुळईला जुन्या लुगड्याची झोळी बांधून तिने पोरीला निजवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "केलंत हो तुमी." धाकू झोळीची दोरी धरून नुसताच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाने पोरीला पोटभर पाजलं, दुपट्यांचं गाठोडं काखेत मारलं आणि ओढ्यावर धुवायला निघाली. आभाळ भरून आलं होतं. पोरीला बाहेर काढू नका, भिजायला नको, एवढंच ती जाता जाता म्हणाली.

धाकू झोळीजवळ बसला. थोड्या वेळाने टप् आवाज झाला. मग आणखी दोन. त्याने खाली पाहिलं. झोळीखाली सारवलेल्या जमिनीवर ओलं होतं. हात लावून पाहिला, झोळीही ओली. पोरगी भिजली होती. बाहेर पाऊस नव्हता, पण छप्पर गळायला पाऊस लागतो, हे त्याला सगुणाने शिकवलं नव्हतं.

त्याने पोरीला कोरड्यात गुंडाळलं, झोळी सोडून ओटीवर बांधली आणि शिडी लावली. झोळीच्या बरोबर वरचं कौल काढलं. एकच खराब असेल कशावरून, म्हणून आजूबाजूची शंभर काढली. खाली उतरतो तो ओटीवर टप्. त्याने झोळी पडवीत नेली आणि ओटीवरची कौलं काढली. पडवीत टप्. झोळी स्वयंपाकघरात गेली, पडवीवरची कौलं अंगणात आली. शेवंती गुणी पोर होती. आईने पाजलेलं तिने काही वाया जाऊ दिलं नाही. घालायला मेस्त्रीला आठवडा लागला होता, काढायला धाकूला दुपारपर्यंतचा वेळ पुरला.

सगुणा ओढ्यावरून आली तेव्हा अंगणात कौलांच्या रांगा नीट रचलेल्या होत्या. घरावर नुसते वासे आणि रिपा. आत पोरगी झोळीत पाय झाडत आभाळाकडे बघत हसत होती. धाकू आढ्यावर बसला होता, हातात शेवटचं कौल.

सगुणाच्या काखेतलं गाठोडं खाली पडलं. हे काय केलंत, तिने विचारलं.

"सगळीच खराब निघाली," धाकू वरून म्हणाला. "एकूण एक काढली. आता पोरीच्या डोक्यावर गळणारं एक कौल ठेवलं नाय."

तेवढ्यात झोळीखाली टप् झालं.

धाकूने वाशांमधून खाली जमिनीकडे पाहिलं. तिथे ओलं होतं. मग त्याने बरोबर वर पाहिलं. वर आभाळ होतं. तो बराच वेळ ते न्याहाळत राहिला.

"सगुणा," तो म्हणाला, "याच्याहून उंच शिडी कुणाकडे मिळेल गं?"