खणखणणारा खेकडा

फार पूर्वी, जिथे उजेड कधी पोचलाच नाही अशा समुद्राच्या तळाशी, उकळत्या पाण्याच्या झऱ्याकाठी एक खेकडा आणि खेकडीण राहत होते.

त्या पाण्यात लोखंड, तांबं, शिसं असं काय काय विरघळलेलं. घासाबरोबर ते पोटात जाई. ते अंगाला बाधू नये म्हणून खेकड्यांचं शरीर ते पाठीच्या कवचात नेऊन ठेवी. कवच भरलं की खेकडे ते टाकून देत आणि नवं धरत.

या खेकड्याने मात्र टाकलं नव्हतं. जड कवच चालताना दगडांवर खणखण वाजे. अंधारात कुणाला काही दिसत नसे, पण आवाज आला की झिंगे ओरडत, “सरका रे, सरदार आले!” खेकड्याला ते फार गोड लागे.

खेकडीण म्हणे, “अहो, आता टाका ते.”

“टाकू? मग मला सरदार कोण म्हणेल?”

“झिंग्यांचं काय घेऊन बसलात? दगड गडगडला तरी ते सरदारच म्हणतील.”

खेकडा रुसून बसे.

पुढे कवचात जागा उरली नाही. धातू अंगात उतरू लागला. खेकड्याचे पाय थरथरत, घास कडू लागे. त्याने खाणंच सोडलं. आणि एके दिवशी पाठीवर चीर गेली. घाबरून तो कपारीत शिरला आणि चीर मिटावी म्हणून पाठ दगडाला दाबून बसला.

“दाबू नका हो,” खेकडीण कळवळून म्हणाली. “गुदमरून मराल.”

“सगळं साठवलेलं जाईल गं. मग माझं राहील काय?”

“तुम्ही राहाल की!”

खेकडा हळूच म्हणाला, “अंग मऊ पडेल. कुणीही येऊन खाईल.”

“मी बसते ना दाराशी. बघू कोण येतं ते.”

तिने कपारीच्या तोंडाशी नांग्या रोवल्या. खेकड्याने डोळे आत ओढले आणि पाठ सैल सोडली. कवच उकललं. तो मागच्या मागे, लोण्यासारखा मऊ, बाहेर सरकला. एकेक पाय त्याने चाचपून पाहिला.

“आहेत गं सगळे!”

“मग? मी काय सांगत होते!” ती म्हणाली.

नवं कवच घट्ट होईपर्यंत ती जागची हलली नाही. मग आतून आवाज आला,

“अगं, भूक लागलीय. काही आहे का?”

तात्पर्य: जिवाला बाधणारं ओझं मानाचं वाटलं तरी वेळेवर उतरवावं, आणि कुणी ते उतरवत असेल, तर तो सावरेपर्यंत त्याच्या दाराशी बसावं.