रविवारची कबुली

चर्चमधली उपासना आटोपून पाळकांच्या पत्नी शेवंताबाई चुलीपाशी जरा टेकतात न टेकतात, तोच दारूपायी नोकरी घालवलेला इम्मानुएल पुन्हा जेवायला दारात उभा. मागोमाग चर्चच्या मंडळीचे पंच शलमोनराव येऊन कडाडले, "याला वाढू नका! दर वेळी सुधारतो म्हणतो, पुन्हा पितो. स्वतःच केलंय, निस्तरू दे."

बाईंना वाद घालायचं त्राण नव्हतं. "शलमोनराव, दर रविवारी उपासनेत पापांची कबुली सगळ्यांत मोठ्याने तुम्हीच म्हणता. इतकी वर्षं तीच कबुली. देवाने कधी दार लावून घेतलं का?"

शलमोनराव दारातून बाजूला सरले.

"बसा दोघंही," ताटं मांडत बाई म्हणाल्या. "जेवल्यावर मात्र ज्याचं ताट त्याने घासायचं. माझ्याच्यानं आता होत नाही."