दारावरच्या पाट्या

कोश मंडळाच्या संगणकात अकरा लाख नोंदी होत्या आणि त्यांत एक शब्द शोधायला वीस मिनिटं लागत. संगणक बिचारा पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत वाचत सुटायचा. कोणता शब्द कोणत्या नोंदीत आहे याची वेगळी सूची करू द्या, हे संचालक टेंभेसाहेबांना सांगून सांगून कंत्राटी प्रोग्रामर हेमांगी ढगेच्या तोंडाला फेस आला होता.

"शब्द नोंदींत आहेतच की," साहेब म्हणत. "तेच पुन्हा लिहून जागा कशाला अडवायची? सोमवारपर्यंत वेग वाढवा, नाहीतर कंत्राट संपलं समजा."

सोमवारी सचिव पाहणीला आले. साहेबांनी हेमांगीला फर्मावलं, "आपल्या संपादक शिलेदारांना त्यांच्या खोलीतून घेऊन या, लगेच."

अर्धा तास झाला तरी दोघांचाही पत्ता नाही. साहेब तणतणत बाहेर आले, मागोमाग सचिवही. हेमांगी दुसऱ्या मजल्यावर एकेका दारावरची पाटी सावकाश वाचत चालली होती.

"अहो, खाली नावांचा फलक लावलाय. खोली क्रमांकासकट."

"पाहिला, साहेब. पण नावं दारांवर आहेतच की. तीच पुन्हा लिहून भिंत कशाला अडवलीय, तेवढं कळेना."

सचिवांनी साहेबांकडे पाहिलं. हेमांगीने पुढे केलेल्या सूचीच्या प्रस्तावावर साहेबांनी तिथेच, उभ्या उभ्या सही केली.

शिलेदार अजून सापडायचेच होते.