कांबळ्यातली म्हातारी

हिमवंताच्या पायथ्याशी शीलपूर नगरात सुतेज राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याचे दूत होते.

एका मेजवानीत सुतेज घाटापलीकडच्या उग्रदत्त राजाच्या पागोट्याला हसला. उग्रदत्त ताटावरून उठला आणि घरी पोचताच त्याने घाट बंद केला. दोन वर्षे कोणी इकडून तिकडे गेले नाही. मग उग्रदत्त सैन्य जमवतो आहे अशी बातमी आली. सुतेजाने घाबरून शुभ्र लोकरीचे एक उंची कांबळे भेट म्हणून पाठवायचे ठरवले. दिवस माघाचे. घाटात बर्फावर घोड्यांचे पाय ठरत नव्हते, म्हणून बोधिसत्त्व पायीच निघाले. कांबळे सांभाळायला भांडारी गोभिल सोबत होता.

"कांबळ्याला डाग लागला तर तुझी धडगत नाही," राजाने त्याला बजावले होते.

गोभिल अंगाने चांगला भरलेला. जन्मात तो भांडारापासून मुदपाकखान्यापर्यंतच काय तो चालला होता. घाटात त्याच्या मिशांना बर्फ लागला. पाठीवर एवढी ऊब बांधलेली आणि आपण तिच्याखाली कुडकुडतो आहोत, याचे त्याला रडू येई.

"घटकाभर पांघरले तर कोणाला कळणार आहे?" त्याने विचारले.

"चालत राहा, चालल्याने ऊब येते," बोधिसत्त्व म्हणाले.

वळणावर खडकाच्या आडोशाला एक म्हातारी बसली होती. तिचे ओठ निळे पडले होते.

"मी सुलसा, उग्रदत्ताच्या नगरातली," ती कशीबशी म्हणाली. "लेकीच्या बाळंतपणाला इकडे आले आणि घाट बंद झाला. म्हातारा घरी एकटा आहे. आज चोरून निघाले, पण पाय उचलत नाहीत."

बोधिसत्त्वांनी गाठोडे सोडले आणि कांबळे तिच्याभोवती गुंडाळले.

"अहो, ती उग्रदत्त राजासाठीची भेट आहे," गोभिल कळवळला.

"आणि ही त्याच राजाची प्रजा आहे. दोन्ही एकदमच पोचवू."

दोघांनी आळीपाळीने तिला पाठीवर घेतले. अंगात ऊब येताच म्हातारीने कनवटीचे तिळाचे लाडू काढले आणि गोभिलाच्या कानाशी खाऊ लागली. मध्येच, "हळू चाल रे, हिसके बसतात," असेही सांगे. त्या गारठ्यात गोभिलाला घाम फुटला.

घाट उतरताच पहारेकऱ्यांनी तिघांनाही पकडून दरबारात नेले.

"भेट कुठे आहे?" उग्रदत्ताने विचारले.

बोधिसत्त्वांनी म्हातारीकडे बोट दाखवले. "महाराज, कांबळे थंडी वारण्यासाठी असते. आपल्या माणसांत सर्वांत गारठलेले माणूस मला वाटेत भेटले. त्याला ते आपल्या वतीने दिले. चुकलो असेन तर शिक्षा मला करा. या भांडाऱ्याने मला अडवले होते."

"अडवले होते, अडवले होते," गोभिल घाईघाईने म्हणाला.

"आजी, कांबळे उतरव," राजा म्हणाला.

"नाही उतरवत. शेकोटी तुझ्यापाशी आहे, इथे दारात वारा येतो. तू ताटावरून रुसून उठलास आणि मला दोन वर्षे घर दिसले नाही."

राजाची मान खाली गेली.

"घरी कोण आहे तुझ्या?" त्याने विचारले.

"म्हातारा. असलाच तर."

राजा स्वतः खाली उतरला आणि तिला हाताला धरून त्याने शेकोटीपाशी बसवले. पाय शेकून झाल्यावर तिने आपण होऊन कांबळे पुढे केले. मधोमध तिळाच्या तेलाचा तळहाताएवढा डाग होता. गोभिलाने डोळे मिटून घेतले.

"तुझ्याकडेच राहू दे," राजा म्हणाला आणि सेवकांकडे वळला. "आधी हिला पालखीतून घरी पोचवा. मग घाट उघडा आणि सैनिकांना सांगा, आपापल्या घरी जा."

सुलसेचा म्हातारा घरी होता. इतके दिवस कुठे होतीस म्हणून तो तिच्यावर रागावला, आणि मग दाराआड जाऊन रडला.

ही कथा सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तो गोभिल म्हणजे आज चीवरे वाटताना हात आखडणारा आपला भांडारपाल. ती सुलसा म्हणजे आपल्याला दटावून जेवू घालणारी वेशीवरची उपासिका. राग गिळायला शिकलेला उग्रदत्त म्हणजे दाराशी शांत बसलेला हा वृद्ध भिक्षू. दूत मी होतो. त्या जन्मी मी मैत्रीची पारमिता जोपासली."