धावड्याच्या खोडावरचं भोक

फार मागे, एका रानात कुणी दाणे उसने दिले की देणारा सुतारपक्ष्याला कळवायचा. मग सुतारपक्षी धावड्याच्या खोडावर घेणाऱ्याच्या नावाने भोक पाडायचा. फेडल्याचंही देणाऱ्यानेच कळवायचं, तेव्हाच ते भोक डिंकाने बुजायचं.

भुरकी खारीने उंदराचे दाणे फेडले. उंदीर कळवायला विसरला. दुष्काळात ती उपाशी पडली, तेव्हा तिचा धाकटा भाऊ झिपऱ्या दारोदार फिरला. प्रत्येकाने आधी खोड पाहिलं.

“आधीचं फेडा, मग या,” साळुंकी म्हणाली.

भुरकी मेली. झिपऱ्याने उंदराला कान धरून खोडापाशी ओढत आणलं. “बोल आता!”

“फेडलेत रे तिने, केव्हाच,” उंदीर पुटपुटला.

सुतारपक्ष्याने लगेच भोक बुजवलं. “झालं! आता तुझ्या ताईला कुणीही दाणे देईल.”

झिपऱ्या खाली ताईसाठी खड्डा उकरत होता.