तडकलेल्या लाकडाचा खुळखुळा

चुलीमागे बीळ. बिळात टिल्ली उंदरी. टिल्लीच्या कुशीत तिचं पिल्लू, बिटकू.

बिटकूचा एक खुळखुळा होता. एके दिवशी तो घरंगळत अंगणात गेला. म्हशीनं त्यावर पाय दिला. फट्! खुळखुळ्याचा चुरा!

बिटकू रडला. चिं चिं चिं! भात दिला, रडला. खोबरं दिलं, तेवढं खाल्लं, आणि परत रडला.

चुलीपाशी सरपण होतं. सरपणात पेरूचं लाकूड होतं. वादळात पडलेल्या पेरूचं. एवढंसं, तडकलेलं.

"हे जळायच्या आत मी नेते," टिल्ली म्हणाली. तिनं ते ओढलं. हुश्श हुश्श! थेट झिलूकाकांकडे.

झिलूकाका लाकडाची खेळणी करायचे. त्यांचा एक छोटा लेथ होता. पाय मारला की लाकूड गरगर फिरायचं, पटाशी लावली की भुसा भुरभुर उडायचा.

"काका, काका, लेथ फिरवा!
लेथ फिरला की खुळखुळा होईल,
खुळखुळा झाला की बिटकू हसेल!"

काकांनी लाकूड कानाशी नेलं. टकटक केलं.
"फिरवीन गं फिरवीन! पण याला चीर पडलीय. फिरवलं की फाटकन फुटेल. चीर बुजवायला आधी डिंक आण."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक! टिल्ली गेली बाभळीकडे.

"बाभूळबाई, बाभूळबाई, डिंक द्या!
डिंक दिला की चीर बुजेल,
चीर बुजली की लेथ फिरेल,
लेथ फिरला की खुळखुळा होईल,
खुळखुळा झाला की बिटकू हसेल!"

"देईन गं देईन! खी खी खी! पण माझ्या सालीत अळी शिरलीय. खी खी! गुदगुल्या होतात! आधी अळी काढ."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक! टिल्ली गेली सुतारपक्ष्याकडे.

"सुतारदादा, सुतारदादा, अळी काढा!
अळी काढली की डिंक मिळेल,
डिंक दिला की चीर बुजेल,
चीर बुजली की लेथ फिरेल,
लेथ फिरला की खुळखुळा होईल,
खुळखुळा झाला की बिटकू हसेल!"

सुतारदादांनी कच्च्या फणसाला चोच मारली होती. चोचीला चीक लागला होता. चोच अगदी घट्ट बंद! ते नाकातून बोलले,
"काढीद गं काढीद! पड बाझी चोच चिकटलीय. आधी तेल आड!"

"काय आणू?"

"तेल! तेल आड!"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक! टिल्ली गेली शेवंतीकाकूंकडे. काकूंची नात चिमी पाळण्यात रडत होती. भँ!

"काकू, काकू, तेल द्या!
तेल दिलं की चोच सुटेल,
चोच सुटली की अळी निघेल,
अळी काढली की डिंक मिळेल,
डिंक दिला की चीर बुजेल,
चीर बुजली की लेथ फिरेल,
लेथ फिरला की खुळखुळा होईल,
खुळखुळा झाला की बिटकू हसेल!"

"देईन गं देईन! पण माझा हात पाळण्याच्या दोरीला. आधी चिमीला हसव."

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. टिल्ली दमली होती. तिचे पाय दुखत होते. तिलाही रडू येत होतं. तरी ती पाळण्यावर चढली आणि घाईघाईनं म्हणाली,

"चिमीताई, चिमीताई, हसा ना!
तुम्ही हसलात की... चोच रडेल,
चोच रडली की... काका निघतील,
काका निघाले की... चिकट फिरेल,
अळीला तेल लावून... लेथ हसेल,
आणि बिटकूची चीर... अगं बाई! सगळंच चुकलं!"

चिमी गप्प झाली. तिनं टिल्लीकडे बघितलं. आणि खुदकन हसली. खुदु खुदु खुदु!

मग काय!

चिमी हसली, काकूंनी पानावर तेल दिलं.
तेल लावलं, चोच सुटली. चट्!
चोच सुटली, अळी निघाली. सुतारदादांनी ती गट्ट केली.
अळी गेली, गुदगुल्या थांबल्या, बाभळीनं डिंक दिला.
डिंकात काकांनी भुसा कालवला, चीर बुजवली, उन्हात वाळवली.
चीर बुजली, लेथ फिरला. घर्रर्र, घर्रर्र!
भुसा उडाला, काका शिंकले. आँक्छी!
लाकूड झालं गोल गोल, गुळगुळीत. काकांनी आत पोकळी कोरली, मोहरी घातली, वर बूच ठोकलं.

खुळ खुळ! खुळ खुळ!

लाकूड काही फुटलं नाही.

टिल्लीनं खुळखुळा बिळात नेला. बिटकू हसला. हसून हसून दमला. दमून झोपला.

बिटकू झोपला, तरी बिळातून आवाज येतच होता. खुळ खुळ! खुळ खुळ!

कोण बरं वाजवत होतं?

टिल्ली!